सुरतेच्या वखारीतला इंग्रज पूर्वज शोधायचाय? मग इथून सुरू करा

"आमच्यात कोणीतरी कंपनीच्या सुरुवातीच्या काळातला इंग्रज व्यापारी होता म्हणे" असं ज्यांच्या घरात पणजी-आजीपासून बोललं जातं त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. अँग्लो-इंडियन घरं आहेत, मराठी घरात आलेली इंग्रज सून किंवा जावई आहेत, तिकडे इंग्लंडात स्थायिक झालेल्यांची नातवंडं आहेत जी आता दोन्हीकडची वंशावळ मांडायला बसलीयेत, आणि काहीजण असेही आहेत ज्यांचा पूर्वज वगैरे कोणी नाही पण शिवकाळाचं वाचताना एखादं इंग्रज नाव दिसलं आणि हा माणूस मूळ कुठला, याचं पुढे काय झालं हे डोक्यातून जातच नाही. पद्धत सगळ्यांना एकच लागते.

काळ धरूया ३१ डिसेंबर १६०० ला राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली तिथपासून साधारण १७५० पर्यंत. त्यानंतरचे कागद भरपूर आहेत, खरी दमछाक त्याआधीच्या दीडशे वर्षांत होते. आणि भाग आपला, म्हणजे सुरत, मुंबई, राजापूर, कारवार. मद्रास-कलकत्त्याकडचा माणूस असेल तर पद्धत हीच, फक्त गठ्ठे वेगळे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हा माणूस व्यापारी होता. कंपनीला त्याच्या जन्माचं, लग्नाचं, बायकोच्या नावाचं फारसं पडलेलं नव्हतं, पण त्याला पगार किती, त्याच्याकडे बाकी किती, मेल्यावर त्याच्या पेटीत काय निघालं आणि ते कितीला विकलं गेलं हे मात्र कंपनीने चोख लिहून ठेवलं. त्यामुळे माणूस शोधायला निघालात की हात रिकामेच राहतात, पैशाचा माग काढलात तर माणूस आपोआप समोर येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: स्वतःपासून मागे जा, त्याच्यापासून पुढे येऊ नका

जवळपास सगळे नवखे लोक वरून सुरुवात करतात, म्हणजे एखादा प्रसिद्ध इंग्रज पकडायचा आणि त्याची रेघ आपल्यापर्यंत ओढत आणायची. असं करू नका. स्वतःपासून आई-वडील, आजी-आजोबा असं एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक जोडाला एक तरी कागद हवाच, जन्मदाखला, बाप्तिस्म्याची नोंद, लग्नाचं सर्टिफिकेट, पेन्शनचा कागद, कबरीवरचा मजकूर, काहीही. १६६० च्या माणसापर्यंत पोचायला बारा-तेरा पिढ्या लागतात आणि बहुतेकांची साखळी १८०० च्या आसपास तुटते. तुटली तर तुटली, तिथे थांबून तो जोड आधी शोधायचा, उडी मारायची नाही.

आडनाव सारखं आहे एवढ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. सुरतेतले कित्येक व्यापारी तरुणपणीच, लग्न न होता गेले. मुंबईत तेव्हा म्हणच होती की दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य, १६८९ च्या सुमारास आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने ती लिहून ठेवलीये. त्यामुळे घरात ज्याचं नाव सांगतात तो मूलबाळ नसलेला निघतो आणि खरा पूर्वज त्याचा भाऊ किंवा पुतण्या असतो, असंही होऊ शकतं.

अजून एक, वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन लोकांबद्दल. "ईस्ट इंडियन म्हणजे कंपनीवाल्या इंग्रजांचे वंशज" असा समज बाहेर बराच आहे. ते इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, आडनावं पोर्तुगीज काळातल्या बाप्तिस्म्याची, आणि ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं. तेव्हा त्या नावावरून इंग्रज पूर्वज शोधायला निघू नका, घरात दुसरा काही धागा असेल तरच या वाटेला या.

पायरी २: तो नेमका कोण होता ते ठरवा

"व्यापारी" हे तेव्हा पदाचं नावसुद्धा होतं. कंपनीत पोरगा शिकाऊ किंवा रायटर (म्हणजे कारकून) म्हणून यायचा, मग फॅक्टर (कंपनीसाठी खरेदी-विक्री बघणारा), मग ज्युनियर मर्चंट, मग सीनियर मर्चंट, आणि वर कौन्सिल आणि प्रेसिडेंट. रायटरला वर्षाला जेमतेम ५-१० पौंड मिळायचे, त्यात कोणाचं भागणार, म्हणून सगळे स्वतःचा खाजगी व्यापार करायचे आणि कंपनी कधी त्याकडे काणाडोळा करायची, कधी शिक्षा करायची. हे भांडण आपल्याला फार उपयोगी आहे कारण त्यात नावं, रकमा, भागीदार सगळं लिहिलेलं सापडतं.

पण प्रत्येक इंग्रज व्यापारी कंपनीचा नोकर नव्हता. परवाना घेऊन आलेले फ्री मर्चंट होते, परवाना न घेता आलेले इंटरलोपर होते, १६३५ पासून कोर्टीन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याच्या मंडळींची, कंपनीशी स्पर्धा करणारी वेगळी टोळी होती जी राजापूर-कारवारकडे उतरली. आणि १६९८ ते १७०९ या काळात तर इंग्लंडात दोन ईस्ट इंडिया कंपन्या होत्या, जुनी आणि नवी, दोघींचे सुरतेत वेगळे लोक आणि वेगळे कागद. या दहा-अकरा वर्षांतला माणूस सापडत नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही चुकीच्या कंपनीच्या गठ्ठ्यात बघताय.

पायरी ३: नावाची सगळी रूपं लिहून काढा

तेव्हा स्पेलिंग ठरलेलं नव्हतं, एकच माणूस एकाच पत्रात स्वतःचं नाव दोन तऱ्हांनी लिहायचा. म्हणून एक कागद घ्या आणि कानाला जशी येतात तशी सगळी स्पेलिंगं मांडा. आय च्या जागी वाय, यू च्या जागी व्ही, शेवटी फुकटचा ई, एक एल की दोन. शोधताना प्रत्येक रूप वेगळं टाकायचं.

उदाहरणासाठी मी ऑक्झिंडेन घराणं घेतो कारण त्याचे कागद सार्वजनिक आहेत आणि आपल्या इतिहासाशी त्याचा थेट संबंध आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखार लढवणारा सर जॉर्ज ऑक्झिंडेन, आणि १६७४ ला रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेन, हे एकाच केंटमधल्या घराण्यातले. आता गंमत बघा, त्या घराण्यात त्याच काळात हेन्री किती. सर जॉर्जचा मोठा भाऊ हेन्री, पुतण्या हेन्री, आणि बारहॅम गावचा चुलतभाऊ हेन्री ज्याची पत्रं आजही आहेत. आडनाव कुठे आय ने लिहिलेलं, कुठे ई ने. नुसतं "हेन्री ऑक्झिंडेन" म्हणून शोधलंत तर तिघांची खिचडी होते आणि केंटमधून कधी न हललेला माणूस तुमच्या झाडावर रायगड चढून येतो. यावर उपाय एकच, प्रत्येकाचा वेगळा तक्ता करायचा, कोणत्या तारखेला कोण कुठे होता. एकाच महिन्यात एक केंटमध्ये आणि एक मुंबईत असेल तर ती दोन माणसं, विषय संपला.

पायरी ४: तारखा नीट समजून घ्या

ही पायरी लोक सोडतात आणि मग वर्षभराची चूक शेवटपर्यंत वाहत नेतात. इंग्लंडात १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर होतं आणि नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे आपण जानेवारी १६६४ म्हणतो ती सुरतेची लूट इंग्रजांच्या पत्रात जानेवारी १६६३ ची दिसते. १ जानेवारी ते २४ मार्च मधली प्रत्येक तारीख संशयाने बघायची आणि आपल्या वहीत १६६३/४ अशी दोन्ही वर्षं लिहायची.

शिवाय दिवसांचाही फरक आहे, सतराव्या शतकात जुनं कॅलेंडर दहा दिवसांनी मागे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या कॅलेंडरची, पोर्तुगीज तेव्हा नवीन कॅलेंडर वापरायचे त्यामुळे त्यांच्या हिशेबाने तो दिवस १६ जून. तुमच्या पूर्वजाची एक नोंद इंग्रजांकडे आणि एक गोव्याच्या किंवा वसईच्या पोर्तुगीज कागदात असेल तर दहा दिवसांचा फरक दिसला म्हणून दोन वेगळी माणसं समजू नका.

पायरी ५: आधी छापील, मग हस्तलिखित

पहिल्याच दिवशी सतराव्या शतकातलं हस्ताक्षर वाचायला बसलात तर दोन दिवसांत सोडून द्याल. नशिबाने फार मोठा भाग छापून झालाय. विल्यम फॉस्टर यांनी १६१८ ते १६६९ पर्यंतच्या वखारींच्या पत्रांचे सारांश तेरा खंडांत काढले, चार्ल्स फॉसेट यांनी पुढे १६८४ पर्यंत नेलं, आणि लंडनमधल्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकींचे १६३५ ते १६७९ चे सारांश एथेल सेन्सबरी यांच्या मालिकेत आहेत. यातले जुने खंड इंटरनेटवर स्कॅन होऊन फुकट मिळतात. पुण्यात १९३१ ला निघालेला शिवकालीन इंग्रजी पत्रांचा संग्रहसुद्धा विसरू नका, पश्चिम किनाऱ्यावरच्या इंग्रजांसाठी तो सोन्यासारखा आहे.

प्रत्येक खंडाला मागे सूची असते. आधी सूचीत नावाची सगळी रूपं बघा, पानं उतरवा, मग पानं वाचा. आणि कृपा करून फक्त नाव असलेली ओळ कॉपी करून पुढे जाऊ नका, आजूबाजूची दोन-तीन पत्रं वाचा. राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन घ्या. तो आणि त्याचे सोबती १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्याला तोफगोळे डागायला गेले, तेही इंग्रज निशाण लावून, आणि दुसऱ्या वर्षी महाराजांनी राजापूर घेतलं तेव्हा इंग्रज पकडले गेले, काहीजण १६६३ पर्यंत कैदेत होते. कैदेतून त्यांनी सुरतेला चिडून पत्र लिहिलं की तुम्ही आमच्यासाठी काही करत नाही, तर सुरतकरांनी उलट उत्तर पाठवलं की तुम्ही कंपनीचा माल वाचवताना नाही पकडले गेलात, पन्हाळ्याला जाऊन गोळे उडवलेत म्हणून पकडले गेलात. आता तुमचा पूर्वज त्या कैद्यांत असेल तर नुसत्या सूचीतल्या एका ओळीवरून हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि कळलं की पुढचे प्रश्न पडतात, त्या काळातला त्याचा पगार मिळाला का, घरच्यांनी लंडनला अर्ज केला का, आणि अर्ज केला असेल तर त्यावर सही कोणाची. त्या सहीतून घरचं माणूस सापडू शकतं.

पायरी ६: कंपनीचे मूळ कागद

छापील संपलं की मूळ कागद. कंपनीचं दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स या नावाने आहे आणि त्याला अक्षरांचे विभाग आहेत. बी म्हणजे संचालक मंडळाच्या बैठकी, ई म्हणजे पत्रव्यवहार, जी म्हणजे वखारींचे कागद (सुरत जी/३६, मुंबई जी/३), एन म्हणजे चर्चच्या नोंदी, जे म्हणजे रायटर व्हायला आलेल्या मुलांचे अर्ज, ओ म्हणजे करार आणि जामीन वगैरे. एवढं पाठ झालं तरी निम्मं काम झालं. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात लायब्ररीचं ऑनलाइन काम बरंच विस्कळीत झालं होतं, त्यामुळे जुन्या लेखांत दिलेल्या लिंक चालल्या नाहीत तर घाबरू नका, नावाऐवजी हा विभाग-क्रमांक घेऊन शोधा. प्रत्यक्ष जाणार असाल तर वाचकाचा पास फुकट मिळतो.

नवख्याने सगळ्यात आधी बघायचं ते जामीन. माणूस कंपनीत लागला की त्याच्यासाठी पैशाची हमी देणारे लोक लागायचे, आणि अनोळखी माणूस कोणाची हमी देतो का? ते बाप, मामा, थोरला भाऊ, नाहीतर बापाचा व्यापारातला भागीदार असे असतात. बैठकीच्या नोंदीत अमक्याचा मुलगा, तमक्याने शिफारस केली असंही येतं. एकदा जामिनाचं नाव आणि गाव मिळालं की इंग्लंडमधला दरवाजा उघडला. १७४९ पासून पुढे तर रायटरच्या अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखलाच जोडलेला असतो, त्या काळातला माणूस असेल तर तुमचं नशीब जोरावर.

मुंबईत राहणाऱ्यांना मात्र एक मोठी सोय आहे जी इंग्लंडमधल्या लोकांना नाही. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं राज्य पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं, आणि सुरत वखारीच्या आणि मुंबईच्या जुन्या डायऱ्या, पत्रांच्या वह्या तिथे आहेत. लंडनला फक्त पाठवलेल्या नकला गेल्या, रोजचा व्यवहार इथे राहिला, म्हणून दोन्हीकडे बघायला हवं. ओळखपत्र आणि अर्ज घेऊन जा, विषय आणि वर्षं नेमकी लिहा. कागद इतके नाजूक आहेत की पान उलटताना जीव वर-खाली होतो, आणि या कागदांना हळुवार हात लावणारी, ते जपणारी जी मंडळी तिथे काम करतात त्यांच्याशी नीट बोला, त्यांना कॅटलॉगमध्ये नसलेलं खूप काही माहीत असतं. जुनी पुस्तकं बघायची तर एशियाटिक सोसायटी टाउन हॉलमध्ये, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि पोर्तुगीज बाजूसाठी पणजीचं पुराभिलेखागार.

पायरी ७: मृत्युपत्र, इथे घाई नको

मला विचाराल तर सगळ्या शोधाचा गाभा हाच. दूर देशी मरणाऱ्या व्यापाऱ्याला आपला पैसा योग्य हाती जावा याची चिंता असायची म्हणून तो नाती स्पष्ट लिहायचा, माझा भाऊ अमुक, राहणार तमुक गाव, माझ्या बहिणीची मुलं, माझा चुलता. असा कौटुंबिक नकाशा दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही.

परदेशात मेलेल्या आणि इंग्लंडात मालमत्ता असलेल्या माणसाचं मृत्युपत्र सहसा कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात (मृत्युपत्रं बघणारं चर्चचं कोर्ट) जायचं. ती सगळी लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या मालिकेत आहेत, १३८४ ते १८५८ पर्यंतची, आणि स्कॅन केलेली आहेत. शोधताना आडनाव टाकाच पण जागेच्या रकान्यात "ईस्ट इंडीज" किंवा "सुरत" टाकूनही बघा, स्पेलिंग विचित्र असलं तरी माणूस सापडतो. वर्ष ठरवताना जहाजाचा प्रवास लक्षात घ्या. सहा-आठ महिने लागायचे आणि जहाजं ठराविक मोसमातच सुटायची, म्हणून सुरतेतल्या मृत्यूनंतर लंडनच्या कोर्टात मृत्युपत्र यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. मृत्यूनंतरची चार-पाच वर्षं बघितल्याशिवाय "नाही सापडलं" म्हणू नका. मृत्युपत्र केलंच नसेल तर प्रॉब ६ मध्ये बघा, तिथे वारसाला कारभार सोपवल्याची नोंद असते, मजकूर थोडा पण वारसाचं नाव मिळतं.

वाचायचं कसं? सुरुवातीचा देवाधर्माचा भाग ठरलेला असतो, तो सरावासाठी वापरा, कारण शब्द ओळखीचे असल्याने लिहिणाऱ्याचं अक्षर लागतं. मग देणग्या. कोणाला किती, आणि कोणाला फक्त शोकाची अंगठी घ्यायला थोडे पैसे, हे दोन गट वेगळे लिहून काढा, अंगठीवाले बहुतेक मित्र आणि सहकारी, मोठी रक्कमवाले घरचे. मग एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, बहुतेक वेळा एक तिकडचा एक इकडचा. मग साक्षीदार, हे सुरतेतले सोबती, त्यांची नावं पुढे पत्रांत शोधायची. शेवटी कोर्टाचा शिक्का मारलेला परिच्छेद लॅटिनमध्ये असतो (१६५१ ते १६६० सोडून १७३३ पर्यंत), त्यातलं सगळं कळायची गरज नाही, तारीख आणि कोणी शपथ घेतली एवढं काढा. आजारपणात तोंडी सांगितलेली मृत्युपत्रंही असतात, साक्षीदारांनी नंतर लिहून दिलेली, ती वाचताना खरंच अंगावर काटा येतो.

मुंबईत मेयर्स कोर्ट आलं १७२६ च्या सनदेने, त्यानंतरची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या इंडिया ऑफिसच्या एल/एजी/३४ मध्ये बघा. याद्या सोडू नका. मेलेल्या व्यापाऱ्याचं सामान लिलावात निघायचं आणि कोणी काय घेतलं ते लिहिलेलं असतं, शर्ट, पलंग, पुस्तकं, घोडा, आणि खाली येणी-देणी ज्यात गुजराती, पारशी दलालांची नावं वाकड्या इंग्रजीत येतात. सुरतेचे भीमजी पारेख कंपनीचे दलाल होते, त्यांच्यासारख्या माणसांशी हिशेब असेल तर तुमचा पूर्वज वखारीत बऱ्यापैकी वर होता असं समजायला हरकत नाही. आणि वारसांत भांडण लागलं असेल तर इंग्लंडच्या चान्सरी कोर्टात खटला शोधा, भांडणात तीन पिढ्यांचा इतिहास दोन्ही बाजूंनी लिहून दिलेला असतो.

पायरी ८: चर्च आणि कबरी

इथे अपेक्षा कमी ठेवा. मुंबई इलाख्याच्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला एन/३ मध्ये १७०९ पासूनच आहेत. मुंबईचं सेंट थॉमस १७१८ च्या नाताळात सुरू झालं, त्याआधीचे बाप्तिस्मे आणि लग्नं किल्ल्यातल्या खोलीत व्हायची आणि सतराव्या शतकातलं फार थोडं उरलंय. मेंढम्स पॉइंटवरची मुंबईतली पहिली इंग्रज स्मशानभूमी तर केव्हाच नाहीशी झाली.

सुरतेत मात्र कतारगाम दरवाज्याकडचं जुनं इंग्रज स्मशान आहे आणि तिथे ऑक्झिंडेन भावांची भव्य कबर आहे. क्रिस्टोफर १६५९ ला गेला, सर जॉर्ज १४ जुलै १६६९ ला. क्रिस्टोफरच्या कबरीवरचा लॅटिन मजकूर अख्खा वहीखात्याच्या भाषेत आहे, की याला हिशेबात वर्षं नाही फक्त दिवसच मांडता आले, मृत्यूने अचानक हिशेब मागितला, मालकांनी नोकर गमावला, आम्ही सोबती गमावला, त्याने जीव गमावला, पण जमेच्या बाजूला तो लिहू शकतो की मरण हाच लाभ. इतक्या लांब येऊन धाकट्या वयात मेलेल्या भावाची आठवण लोकांनी त्यांना येत होती त्या भाषेत लिहिली, मला हा मजकूर फार थोर वाटतो. कबरीवरचे मजकूर जुन्या पुस्तकांत उतरवलेले आहेत आणि १९७६ पासून काम करणारी बॅक्सा ही संस्था दक्षिण आशियातल्या युरोपीय स्मशानांचे तपशील जमवते. भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या फिबिस या संस्थेचा फुकट डेटाबेसही आधी बघून घ्या, आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वेबसाइटवर इंडिया ऑफिसच्या नोंदी स्कॅन आहेत, त्याला मात्र पैसे पडतात.

पायरी ९: आता इंग्लंड

इकडचं होईपर्यंत तिकडे जायचं नाही, कारण गावाचं नाव हातात नसेल तर इंग्लंडात एकाच नावाची पन्नास पोरं सापडतात. गाव मिळालं की त्या गावच्या चर्चची नोंदवही, या १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, आणि १५९८ पासून बिशपकडे नक्कल जायची म्हणून मूळ गेलं तरी नक्कल असू शकते. सर जॉर्जचं बघा, केंटमधल्या विंगहॅम गावी ६ एप्रिल १६२० ला बाप्तिस्मा, बाप डीन या ठिकाणचे सर जेम्स, आई मार्गारेट नेव्हिन्सन. म्हणजे सुरतेच्या कबरीपासून विंगहॅमच्या चर्चपर्यंत दोर पूर्ण बांधता येतो. १६४२ ते १६६० यादवी युद्ध आणि नंतरच्या गोंधळात नोंदी विस्कळीत आहेत, आणि लंडन शहरातला माणूस असेल तर १६६६ च्या आगीत ८७ चर्च जळाली हे लक्षात असू द्या.

जॉर्ज हा तिसरा मुलगा होता हे महत्त्वाचं. तिकडे जमीन थोरल्याला जायची, मग धाकट्यांनी करायचं काय, तर व्यापार, चर्च नाहीतर सैन्य. म्हणून जमीनदार घराणं सापडलं की थोरल्या पातीत अडकून न राहता धाकटे बघा. अशा घराण्यांसाठी १६८८ पर्यंत सरदारी चिन्हं तपासणारे अधिकारी गावोगाव फिरून वंशावळी लिहायचे, त्या छापलेल्या आहेत, फक्त घरच्यांनी सांगितलं ते लिहिलेलं असल्याने आजोबांच्या वरचं सगळं तपासून घ्यायचं.

जमीन नसलेल्या घरातला असेल तर लंडनच्या व्यापारी संघांच्या शिकाऊ नोंदी. यात मुलाचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा आणि गाव एका ओळीत मिळतं, यापेक्षा चांगली ओळ नाही. पण ग्रोसर्स संघाचा सदस्य म्हणजे किराणावाला असं समजू नका, संघ कुठलाही असो माणूस कापडाचा व्यापार करत असू शकतो. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या लंडनच्या शाळेतून कंपनीत मुलं यायची, तिथल्या प्रवेशाच्या नोंदीही बघण्यासारख्या आहेत.

पायरी १०: इथल्या बाईला विसरू नका

याबद्दल मला तळमळीने सांगावंसं वाटतं. सतराव्या शतकात इंग्रज बायका इकडे फारच थोड्या होत्या, त्यामुळे भारतात ज्यांची वंशवेल वाढली त्यातल्या बऱ्याच जणांची पहिली आई इथलीच, कोणी पोर्तुगीज-भारतीय कॅथलिक, कोणी धर्म बदललेली, कोणी जिच्याशी लग्न कधी लागलंच नाही. कागदात तिला नुसतं पहिल्या नावाने किंवा नावाशिवाय टाकलेलं असतं. झाडावर तिथे रिकामी जागा सोडून वर इंग्रज आजोबांचे सात पुरुष मांडायचे हे बरोबर नाही, ती जागा शोधायचीये असं ठळक लिहा.

शोधायचं कुठे, तर मृत्युपत्रात "घरातली बाई" म्हणून कोणाला पैसे, दागिने, घर दिलंय का बघा, मुलाला "नैसर्गिक मुलगा" म्हटलंय का बघा. मुलं आईच्या धर्माने कॅथलिक झाली असतील तर इंग्रज चर्चमध्ये नोंद मिळणारच नाही, मग माझगावचं ग्लोरिया, दादरचं साल्व्हासाव, माहीमचं सेंट मायकल अशी पोर्तुगीज काळापासूनची चर्चं, नोंदी कुठपासून शिल्लक आहेत ते तिथेच विचारायचं. आई वसईकडची असेल तर १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पुष्कळ कुटुंबं मुंबई-गोव्याकडे गेली हे ध्यानात घ्या, धागा तिकडे सरकलेला असू शकतो.

पायरी ११: वही ठेवा, पुरावा तोला

प्रत्येक शोधाला चार गोष्टी लिहा, कुठे बघितलं, कोणती वर्षं, कोणती स्पेलिंगं, काय मिळालं. काहीच मिळालं नाही तरी लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तेच खंड परत चाळाल. एखादा जोड पक्का म्हणायला एकमेकांपासून उतरवलेले नसलेले निदान दोन कागद हवेत. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी इशारा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही, एकाने केलेली चूक शंभर झाडांवर पोचलेली असते.

डीएनएचं बरेच जण विचारतात. बारा पिढ्यांपूर्वीचे पूर्वज कागदावर ४०९६ होतात, त्यातल्या एका व्यापाऱ्याचा अंश साध्या टेस्टमध्ये ओळखू येण्यासारखा उरलेलाच नसतो. बापाकडून मुलाकडे अखंड पुरुष-रेघ असेल तरच वाय टेस्टचा (फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तपासणी) उपयोग, तोही इंग्लंडमधल्या त्याच घराण्यातल्या पुरुषाने टेस्ट दिली असेल तर. आधी कागद करा, टेस्टचे पैसे नंतर घाला.

आणि आर्काइव्हला ईमेल कराल तेव्हा घराण्याची गोष्ट पाठवू नका. नाव त्याच्या सगळ्या स्पेलिंगांसह, सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष, ठिकाण, पद, आधी कुठे बघून झालंय, आणि एकच प्रश्न. उदाहरणार्थ, "१६७० ते १६८० मध्ये सुरतेत फॅक्टर असलेल्या अमुक माणसाच्या जामिनाची नोंद आहे का?" असं विचारलंत की समोरच्याला नेमका गठ्ठा काढता येतो, त्याचं उत्तर आलं की मग दुसरा ईमेल.